मदतीचा वार

९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचले. बॅग उघडली तर कपड्यांच्या घड्यांत तू लपवलेला खाऊचा डबा सापडला. नणंद एवढे दिवस घरात राहिली आणि तरी निघताना भावजयीने डोळे पुसले, हे इथे विद्यापीठात आमच्या विभागात सांगितलं तर कोणाचाच विश्वास बसत नाही. आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, यावर वेगळा प्रबंध होईल.

आता जे लिहायचंय ते खरं तर तुझ्या स्वयंपाकघरात बसूनच बोलायला हवं होतं. रोज संध्याकाळी भाजी निवडताना तू विचारायचीस, मग, कसा वाटतोय आमचा वर्ग? आणि मी 'छान' म्हणून शेंगा सोलत राहायचे. जीभ रेटली नाही, म्हणून हे पत्र.

वर्ग छान आहेच. मी या अभ्यासासाठी बऱ्याच शाळा पाहिल्या. कोणाला ऐकू कमी येतं, कोणाला अक्षरं लागत नाहीत, कोणाला चालता येत नाही, अशी मुलं आता साध्या शाळेत येतात खरी, पण मागच्या बाकाशी सामानासारखी ठेवलेली असतात. तुझ्या चौथीत तसं नाही. चालता न येणारी ती मुलगी, पोरं जिला बाहुली म्हणतात, तिची चाकांची खुर्ची पहिल्या रांगेत, खिडकीजवळ. आणि तिच्यासाठी तू लावून दिलेली ती पद्धत: प्रत्येक मुलाचा एक वार. ज्याचा वार, त्याने तिची खुर्ची ढकलायची, डबा उघडून द्यायचा, फळ्यावरचं उतरवून द्यायचं. मुलं हौसेने करतात. बाहेरगावची माणसं बघायला येतात, ती उगाच नाही.

पण वहिनी, मी कोपऱ्यात बसून नुसती बघत होते. माझं कामच ते. ती बोलायला लागली की शब्द तिच्या ओठांशी अडतो, आणि तो सुटायच्या आत दुसरं कोणीतरी तिचं वाक्य पुरं करून टाकतं. खेळात तिला कोणी बाद करत नाही. तिच्याशी कोणी भांडत नाही. 'हवं का?' आणि 'झालं का?' याखेरीज तिला कोणी काही विचारलेलं मी ऐकलं नाही. मधल्या सुट्टीत ज्याचा वार असतो तो तिच्या खुर्चीला धरून उभा राहतो आणि मैदानाकडे बघत असतो.

मुलांशी मी एकेकटं गाठून बोलले. कोण काय म्हणालं ते सांगणार नाही, मुलांना तसा शब्द दिलाय. एकूण गोष्ट एवढीच, की ती सगळ्यांना आवडते. घरी खेळायला कोणाला बोलवाल, असं विचारल्यावर मात्र तिचं नाव एकाच्याही तोंडून आलं नाही.

खरं तर हे तुला आत्ता सांगायलाच नको होतं. अभ्यास अर्धाच झालाय, मार्चमध्ये पुन्हा येऊन हाच वर्ग बघायचाय, आणि मध्ये काही बोलायचं नाही असा आमचा नियम आहे. पण मार्चपर्यंत गप्प बसणं मला जमेना. तुझ्यावर बोट ठेवायला लिहीत नाही, एवढं ओळखशील ना?

तुझी,
शेंडेफळ

२२ ऑगस्ट

आदरणीय ताईसाहेब,

आपले पत्र मिळाले. आपल्या बंधूंची प्रकृती ठीक आहे.

आपण विद्यापीठातल्या, आम्ही पडलो चौथीच्या मास्तरीणबाई. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. फक्त एक सांगायचे होते. ही मुलगी या शाळेत आली तेव्हा पायऱ्यांमुळे तिला दारातच बसवून ठेवत होते. आधीच्या शाळेने तर सरळ नाही म्हटले होते. दुसरीत मुले तिच्या लाळेला हसायची, तिच्या बोलण्याची नक्कल करायची. तिची आई फाटकापाशी ताटकळत उभी असायची, कधी रडण्याचा आवाज येईल म्हणून. पायऱ्यांशेजारी खुर्चीसाठी उतरण करून घ्यायला मी कोणाकोणाचे उंबरे झिजवले ते आपल्या अभ्यासात कुठे बसत असेल तर बसवावे. माझ्या वर्गात आल्यापासून तिला कोणीही हसलेले नाही. एकदाही नाही.

काठावर उभे राहून पोहणाऱ्याचे हातपाय मोजणे सोपे असते.

मार्चमध्ये जरूर यावे. अतिथीगृहाची सोय मुख्याध्यापिकाबाई करतील.

आपली,
(सौ.) वहिनी

६ सप्टेंबर

शेंडेफळा,

मी पत्र लिहितोय म्हणजे परिस्थिती गंभीर आहे हे तू ओळखलंच असशील. तू काय लिहिलंस ते मला दाखवलेलं नाही. पण तेव्हापासून या घरात माझा मृदंग झालाय, दोन्हीकडून थापा. 'तुमची बहीण' असा उल्लेख असतो. भाजीत मीठ नसतं आणि मागायची माझी छाती होत नाही.

हे हसण्यावारी नेत होतो. पण काल ती शाळेतून आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसून राहिली. चहा केला, तोही निवला. खोदून खोदून विचारल्यावर म्हणाली, 'मी त्या मुलीला एक साधा प्रश्न विचारला.' आणि उठून चप्पल काढायला गेली.

आता राग नाहीये तिच्यात. राग असता तर मला परवडला असता. तू लिही, किंवा थोडं थांबून लिही. तुम्हा दोघींतलं मला कधीच कळलेलं नाही.

दादा

१७ सप्टेंबर

शेंडेफळा,

मागच्या पत्राला 'आपण' लिहिलं ते विसरून जा. लिहितानाच माझं मला हसू येत होतं, पण राग मोठा होता.

तुला खोटं पाडायचं म्हणून मी बाहुलीला विचारलं. वर्ग सुटल्यावर आई यायच्या आत तिच्यासमोर बाक ओढून बसले आणि म्हटलं, तुझी मैत्रीण कोण गं? तिने विचार केला. शब्द जुळवायला तिला किती वेळ लागतो ते तू पाहिलंयस. मी थांबले. आणि ती म्हणाली, "आज... कोणाचा वार आहे?"

थट्टा नव्हती ती. तिला खरंच तसं वाटत होतं. मैत्रीण म्हणजे जिचा वार असेल ती.

दुसऱ्या दिवशी मी वार बंद केले. वर्गाला सांगितलं, आजपासून कोणाचा वार नाही. ज्याला वाटेल त्याने मदत करायची. मला वाटलं, दहा हात पुढे येतील. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि सगळी पोरं भुर्रकन मैदानात. कोणी दुष्टपणाने गेलं नाही, प्रत्येकाला वाटलं दुसरं कोणी थांबेल. ती डबा मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड करून बसली. मी दारामागून बघत होते. जाऊ की नको? शेवटी गेले, डबा उघडून दिला. तिने खाल्लं नाही.

हे रोज चाललंय. एक शहाणी मुलगी आहे आमची मॉनिटर, ती येऊन 'काही हवंय का' विचारून जाते. बस. आधी निदान शेजारी कोणी उभं तरी असायचं. शिक्षकखोलीत म्हणतात, चांगलं चाललेलं मोडायची बाईंना हौस. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, पाहुणे यायचेत पुढच्या महिन्यात, त्यांना काय दाखवायचं?

तर आता तूच सांग, तुमच्या पुस्तकांत पुढे काय लिहिलंय? रोग सांगितलास, औषध सांग.

वहिनी

२५ सप्टेंबर

वहिनी,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. 'आज कोणाचा वार आहे' हे वाक्य डोक्यातून जात नाही.

खरं सांगते, औषध माझ्याकडे नाही. आमच्या अभ्यासांतून एवढं कळतं, की नुसतं शेजारी बसवल्याने मुलं जवळ येत नाहीत, आणि मदत करणारा-घेणारा अशी जोडी लागली की ती तशीच राहते. दोघांचं एकमेकांवाचून अडेल असं काही काम हवं, असं वाचलंय. पण मंगळवारी मधल्या सुट्टीत काय करायचं, हे कोणी लिहिलेलं नाही.

सुचतं ते लिहिते. त्या मॉनिटर मुलीला तिच्याशेजारी कायमची जागा दे. समजूतदार आहे, धीराने ऐकून घेईल. दोघींना मिळून काहीतरी करायला दे, भिंतीवरचं वार्तापत्र वगैरे. आणि शेवटच्या बाकावरची ती मिरची आहे ना, जी कोणाच्याही अंगावर जाते, तिला मात्र बाहुलीपासून चार हात लांब ठेव. मी असताना ती एका मुलाला चावली होती. बाहुलीला आत्ता एक ओरखडा जरी आला तरी सगळं तुझ्यावर शेकेल.

आणखी एक. मी सरांना सांगून टाकलं, की मी तुला मध्येच निष्कर्ष सांगितले आणि तू वर्गात बदल केलेस. ते चष्मा काढून म्हणाले, 'तुम्ही नणंद आहात की निरीक्षक, हे आधी ठरवायला हवं होतं.' तुझा वर्ग आता अभ्यासातून वगळावा लागेल. माझ्या सगळ्या वर्गांत तोच सर्वांत चांगला होता. वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू. पण तू याचं ओझं घेऊ नकोस, हा माझा मी केलेला उद्योग.

तुझी,
शेंडेफळ

१२ ऑक्टोबर

शेंडेफळा,

तुझा सल्ला पाळला होता. मॉनिटरला बाहुलीशेजारी बसवलं. मुलगी इतकी समजूतदार, की बाहुलीने तोंड उघडायच्या आत हिला सगळं समजलेलं. वार्तापत्र हिने एकटीने लिहिलं आणि खाली दोघींची नावं घातली. ते सुंदर वार्तापत्र बघून मला रडू आलं.

आणि परवा भलतंच झालं.

मैदानावर खड्डा खणलाय, म्हणून खेळाच्या तासाला वर्गातच शब्दसाखळी घेतली. एकाने शब्द सांगायचा, त्याच्या शेवटच्या अक्षराने दुसऱ्याने पुढचा. म्हटलं, आपापल्या जोड्या लावा. सगळ्यांच्या जोड्या लागल्या आणि दोघी उरल्या. मिरचीला कोणी घेत नाही कारण ती भांडते. बाहुलीला कोणी घेतलं नाही, का ते आता तुला सांगायला नको. मॉनिटर माझ्याकडे बघत होती, तिलाही एकदा आपल्या मैत्रिणीबरोबर खेळायचं होतं. मी तिला आधीच जा म्हटलं होतं. मिरची बाक ओढत बाहुलीसमोर येऊन बसली. तुझं पत्र मला आठवत होतं. पण दोघींना पुन्हा वेगळं करायचं तर कोणाकडे पाठवायचं?

मी दुसऱ्या टोकाला होते. थोड्या वेळाने आवाज आला. वळून बघते तर बाहुलीने स्टीलचा डबा मिरचीच्या डोक्यात घातलेला, आणि मिरचीने तिचे केस धरलेले. मी धावले. बाहुलीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, पण चेहरा असा लालबुंद मी कधी पाहिला नव्हता. मिरची म्हणाली, "हिची वेळ संपली. मी बाद म्हटलं तर हिने मारलं."

एरवी काय केलं असतं ते मला नेमकं माहीत होतं. मिरचीला बाहेर काढलं असतं आणि बाहुलीला पाणी दिलं असतं. त्याऐवजी मी म्हटलं, दोघींनी मारामारी केली, दोघी बाहेर. आणि बाहुलीची खुर्ची स्वतः ढकलून व्हरांड्यात नेली, भिंतीकडे तोंड करून लावली. मिरची शेजारी उभी. आत आले तर पोरांचे चेहरे पाहण्यासारखे होते. बाईंनी बाहुलीला शिक्षा केली म्हणजे आता आभाळच कोसळणार.

आभाळ कोसळलंच. बाहुलीच्या कानामागे ओरखडा आला होता. आईने संध्याकाळी तो पाहिला आणि थेट मुख्याध्यापिकाबाईंचं घर गाठलं. अपंग मुलीला शिक्षा केली, वर्गाबाहेर काढली, आता हिला या शाळेत ठेवणार नाही, खास मुलांच्या शाळेत घालते, असं म्हणाली म्हणे. मला लेखी खुलासा मागितलाय. उद्या आईला शाळेत बोलावलंय. मी काय बोलणार? मारलं दोघींनी, शिक्षा दोघींना, हे बरोबर होतं असं मला आतून वाटतं. पण ती गेली तर मी बरोबर असून काय उपयोग?

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

वहिनी

१८ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र आजच मिळालं. म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलं असणार. दादाला फोन केला तर म्हणाला, तीच लिहील, मला मध्ये घेऊ नका.

मी मुख्याध्यापिकाबाईंना लिहिते. वार बंद करण्याचा विचार माझ्या पत्रावरून सुरू झाला, हे सांगते. तू म्हणशील तर शनिवारी गाडीत बसते. मोठ्या तोंडाने तुला उपदेश करायला बसले आणि त्यात धड एकही गोष्ट खरी ठरली नाही. मिरचीला लांब ठेव म्हटलं होतं ते तरी ऐकायला हवं होतंस, असं लिहिणार होते. पण तुझ्या जागी मी असते तर मलाही तिसरा मार्ग सापडला नसता.

ती आहे ना अजून शाळेत? एवढं एका ओळीने कळव.

शेंडेफळ

३० ऑक्टोबर

शेंडेफळा,

आहे. आधी हे घे, मग पुढे वाच.

कामं बाजूला सारून सगळं नीट लिहायचं होतं म्हणून उशीर झाला. येऊ नकोस, आणि मुख्याध्यापिकाबाईंनाही लिहू नकोस. तुझ्या पत्राने त्यांना नवीन पाहुणी आल्याचा आनंद होईल फक्त.

त्या दिवशी आई आली ती ठरवून आली होती. दाखला मागितला. मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे बघायला लागल्या, म्हणजे आता माफी माग. मी म्हटलं, ओरखडा आला त्याचं मला वाईट वाटतं, मी लांब होते, लवकर पोचायला हवं होतं. पण तुमच्या मुलीने दुसऱ्या मुलीच्या डोक्यात डबा घातला आणि तिलाही खोक पडलीय. तुमची मुलगी चालू शकत असती तर मी जे केलं असतं तेच केलं.

आई खुर्चीत बसली. मग रडायला लागली. मला वाटलं, संपलं. पण ती काय म्हणाली ते ऐक. म्हणाली, 'त्या दिवशी घरी आल्यापासून ती त्या मुलीला शिव्या देतेय. जेवताना, आंघोळीला नेताना, सारखं तेच. एवढी वर्षं मी विचारते, शाळेत काय झालं? ती म्हणते, काही नाही. त्या दिवशी पहिल्यांदा तिने शाळेतलं काही सांगितलं.' आणि मग पदराने डोळे पुसत म्हणाली, 'ती म्हणते, दाखला काढलास तर मी जेवणार नाही. तिला त्या मुलीला काहीतरी सांगायचंय म्हणे, राहिलंय.'

काय राहिलं होतं, ते मला शिक्षेच्या वेळीच कळलं होतं. तुला मागच्या पत्रात लिहायचं राहिलं, कारण तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या दोघी व्हरांड्यात होत्या तेव्हा मी खिडकीशी उभी राहून कान देत होते. मग बाहुली बोलायला लागली. एकेक शब्द ओढून काढत होती. मिरचीला आत जायचं नव्हतं, दुसरं काही कामही नव्हतं, त्यामुळे ती ऐकत उभी राहिली. तिचं वाक्य पुरं करायची तिला काही हौस नव्हती. शेवटी वाक्य झालं ते असं: "तू बाभूळ म्हणालीस. ळ ने... शब्दच... सुरू होत नाही."

लक्षात आलं का? सगळ्यांना वाटलं होतं हिला शब्द सुचत नाहीये. ती हरकत घेत होती. मिरचीने बाद म्हणेपर्यंत ती हेच सांगायचा आटापिटा करत होती आणि कोणी ऐकलं नाही, मीसुद्धा नाही. मिरची भिंतीकडे बघत विचार करत राहिली. मनातल्या मनात ळ ने सुरू होणारे शब्द शोधत असावी. मग म्हणाली, 'हो की. मग ल घे.' बाहुली म्हणाली, नाही, आधी म्हण की मी बाद नाही. यावर दोघींचं पुन्हा जुंपलं, पण आता नुसतं तोंडाने. त्या वादात घंटा झाली आणि आई न्यायला आली. आपण बाद नव्हतो, हे मिरचीकडून वदवून घ्यायचं बाहुलीचं राहिलं होतं.

दाखला निघाला नाही. मला ताकीद मिळाली, ती मी सही करून घेतली. दुसऱ्या दिवशी बाहुली वर्गात आल्या आल्या मिरचीकडे बघून बोलायला लागली, आणि मिरची बाक ओढत येऊन बसली. आता रोजचं झालंय. भांडतात, अगदी मनापासून. मिरची तिला डबा उघडून देते, पण आतलं अर्धं स्वतः खाते. मी आधी दटावणार होते. मग पाहिलं, की बाहुलीचं लक्ष मिरचीच्या डब्यावर असतं.

पोरं बाहुलीला आता बाहुली म्हणत नाहीत. वकील म्हणतात. मिरचीनेच ठेवलं नाव.

वहिनी

७ डिसेंबर

प्रिय वकिलाच्या बाई,

तुझं पत्र मी किती जणांना वाचून दाखवलं विचारू नकोस. नावगाव नव्हतंच, त्यामुळे कोणाचं गुपित फुटलं नाही. सरांनाही दाखवलं. ते 'ळ' वर इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग गंभीर होऊन म्हणाले, 'पण हे अहवालात घालता येणार नाही.' मी म्हटलं, माहीत आहे.

पहिल्या टप्प्याचा अहवाल गेला. त्यात तुझ्या वर्गाच्या जागी एक ओळ आहे: निरीक्षकाच्या हस्तक्षेपामुळे एक वर्ग वगळला. दोन-तीन दिवस मी त्या ओळीकडे रागाने बघत होते. बाकीच्या वर्गांतून जे निघालं ते खरं आहे, उपयोगाचंही आहे: मदतीच्या पाळ्या लावलेल्या वर्गांत मैत्री कमी दिसते, असं आता पुराव्यानिशी म्हणता येतं. पण वाचणारा म्हणेल, मग पाळ्या बंद करा. आणि बंद केल्यावर ते रिकामे आठवडे येतात, डबा मांडीवर घेऊन बसलेली मुलगी येते, दाखला मागायला आई येते, हे त्याला कोण सांगणार? मी शेवटी एक परिच्छेद घातला, की शिक्षकाला या काळात एकटं सोडू नये. सरांनी तो काढला नाही.

मी तुला एकटं सोडलं नव्हतं ना गं? की सोडलं होतं?

तुझी,
शेंडेफळ

१९ फेब्रुवारी

शेंडेफळा,

तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं, कारण परीक्षा, तपासणी, आणि तुझ्या दादाचा गुडघा. सोडलं नव्हतंस. रागाने पत्र लिहायला तरी समोर कोणीतरी लागतं.

सगळं गोड झालंय असं समजू नकोस. वर्गातल्या बाकीच्या पोरांपैकी दोघं-तिघं वकिलाच्या टोळक्यात आलीत, बाकीची आपल्या वाटेने. मॉनिटर अजून तिच्याशी लहान बाळासारखं बोलते आणि वकील तिच्याकडे दुर्लक्ष करते. पुढच्या वर्षी पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. त्यासाठी आत्तापासून कोणाकोणाच्या मागे लागायचं, याची तयारी चालू आहे. हे कधी संपणार नाही, हे मला कळून चुकलंय.

पण परवाची गोष्ट सांगायचीय.

मिरचीला कांजिण्या झाल्या. तिची शाळा बंद, घरात कोंडलेली. वकिलाने पहिल्या दिवशी वर्गात तोंड फुगवलं, दुसऱ्या दिवशी आईच्या मागे लागली, मला तिच्याकडे घेऊन चल. आईने समजावलं: त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्ट नाही, शिवाय तुलाही होतील. ऐकायला तयार नाही. शेवटी आई तिला घेऊन त्यांच्या इमारतीखाली जाऊन उभी राहिली. वरून खिडकी उघडली. मिरची, अंगभर औषध फासलेली, गळ्यापर्यंत चादर.

आणि हिने खालून ओरडून बोलायला सुरुवात केली. भर रस्त्यात. आई सांगत होती, तिला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. येणारे-जाणारे थांबले. इस्त्रीवाला इस्त्री धरून बघत राहिला. एक बाई 'अरेरे' म्हणून पुढे झाल्या, काय हवंय हो हिला, म्हणून. आईलाही उत्तर देता येईना, कारण ओरडल्यावर तिचे शब्द आणखीच मोडतात. वरून मिरची मात्र कान देऊन ऐकत होती. हिचं झाल्यावर तिनेही काहीतरी ओरडून सांगितलं. मग ही हसायला लागली, ती हसायला लागली. इतकी, की ही खुर्चीत घसरली आणि आईला तिला काखेत हात घालून सावरून बसवावं लागलं. वर मिरचीच्या आईने खिडकी लावून घेतली तरी काचेमागून तिचे हातवारे चालूच.

घरी येताना आईने विचारलं, काय गं बोललात एवढं? वकिलाने तोंड उघडलं. आई खुर्ची थांबवून पदपथाच्या कडेला उभी राहिली. एवढ्यात ती शिकलीय, वाक्य पुरं होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. ट्रक गेले, सायकली गेल्या. शब्द जुळवत, जुळवत, शेवटी वाक्य झालं:

"तुला नाही सांगणार."

आई मला हे सांगायला मुद्दाम शाळेत आली होती. हसत होती की रडत होती, मला ओळखता आलं नाही. म्हणाली, 'बाई, हिच्या पोटातलं पाणी हललं तरी मला कळायचं. आता काय करू?' मी म्हटलं, काही करू नका.

मार्चमध्ये ये. आता अभ्यासाला नाही, नणंद म्हणून ये, म्हणजे अतिथीगृह नको, आपल्याच घरी. वर्गातही ये, पोरं तुझी आठवण काढतात. पण एक आत्ताच सांगून ठेवते. त्या दिवशी खिडकीतून काय बोललात, असं त्या दोघींना विचारायचं नाही. मीही विचारलेलं नाही.

तुझी,
वहिनी